अर्धं तिकीट

मुहू बेटाच्या फेरीबोटीवर मी तिकिटं देते.
सातव्या वाढदिवसापर्यंत अर्धं तिकीट,
त्यामुळे माझ्या खिडकीसमोर
दिवसभर मुलं लहान होत राहतात.

"सहा," म्हणते एक आई,
आणि तिचा कोट धरून उभा असलेला मुलगा
गुडघे जरासे वाकवतो.
कुणी शिकवलं असेल. किंवा नसेलही.
परवा एकाने मात्र आवाज चढवला, "मी आठचा आहे!
मला दोन नवे दात आलेत,"
आणि तोंड उघडून दाखवलं.
बापाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
"फार थापा मारतो हो हा," तो म्हणाला.
मी दोघांकडे पाहिलं आणि अर्धं तिकीट फाडलं.
मागे रांग होती. वारा होता.

त्याच आठवड्यात घरी
लीलोने पडदा कापला.
चार वर्षांची. लग्नात मिळालेला लिननचा पडदा,
खालून, जिथवर तिचा हात पोचतो तिथवर
झालर झाली होती त्याची.
"कुणी केलं?"
"मी नाही."
कात्री तिच्याच मांडीखाली होती.
थंड लागत असणार, तरी हलली नाही.

उर्मस म्हणाला, हे इथेच थांबवायला हवं.
उर्मस होड्या दुरुस्त करतो,
गळकी जागा दिसली की त्याला चैन पडत नाही.
आज पडदा, उद्या पाकीट, मग रात्री उशिरा घरी येणं,
एका दमात त्याने पंधरा वर्षं मोजली.
माझी बहीण आइवे बालवाडीत शिकवते.
ती फोनवर हसली:
अगं, शाबासकी दे तिला.
तिच्या डोक्यातलं तुला दिसत नाही
हे आज कळलंय तिला.

भांडी घासताना तेच घोळत राहिलं.
खरंच नव्हतं दिसत.
चार वर्षं मला वाटत होतं, दिसतंय.
भूक, शू, झोप, पोटातली कळ,
सगळं तिच्याआधी मला कळायचं.
आता आत कुठेतरी एक खोली झाली होती
आणि कडी आतून.

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.
"मग कुणी कापला?"
तिने माझा चेहरा न्याहाळला,
नवा बूट चावतो का बघावं तसा.
"वाऱ्याने."
"वाऱ्याला कात्री कुठे मिळाली?"
हे तिने ठरवलेलं नव्हतं.
शेगडीतलं लाकूड एकदा तडकलं.
"तुझ्या खणात," ती म्हणाली.
"वाऱ्याला खुर्ची घ्यावी लागली."
"मग पडला का वारा?"
"थोडासा. इथे."
आणि कोपर पुढे केलं.
निळं झालं होतं.

मी फुंकर घातली.
उर्मस दारात उभा होता,
आणलेला राग कुठे ठेवावा ते न सुचून.
शेवटी म्हणाला,
"वाऱ्याला सांग, कात्री विचारून घ्यायची."
"सांगते," लीलो म्हणाली. "पण तो ऐकत नाही."

रविवारी सुट्टी होती. आम्ही दोघी पलीकडे निघालो.
खिडकीत कारेल होता, माझ्या जागेवर.
आमच्या मुलांना फुकट असतं, त्यालाही ठाऊक,
तरी गंमत म्हणून वाकून विचारलं,
"आणि या बाईंचं वय?"

लीलोने हात सोडला.
टाचा उचलल्या.
माझ्याकडे पाहिलंही नाही.
"नऊ."

कारेलने माझ्याकडे पाहिलं.
मी पर्स उघडली
आणि पूर्ण तिकिटाचे पैसे दिले.